आवाज चालू होता

केतकीच्या दारावर मी पुन्हा थाप मारली. आतून ओ आली नाही. टीव्ही मात्र मोठ्यानं बोलत होता.

"केते, ए केते! मावशी आलीय सांगलीहून. खाली ये की."

आत कुणी बाई हिंदीतून पोटाचा पट्टा विकत होती. हा पट्टा बांधा आणि पोट सपाट करा, असं तिचं चाललं होतं. मी कान देऊन ऐकलं. केतकीचा हुंकारसुद्धा नाही.

खालून वैजयंता ओरडली, "आत्या, येतीय का न्हाई?"

वैजयंता माझी सून. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत आहे.

"ओ देत न्हाई," मी म्हणाले.

"टीव्ही चालू हाय न्हवं?"

"चालू हाय."

"मग बघत बसली असंल. येईल संपलं की. तुम्ही या खाली, चहा गार व्हायला लागलाय."

मी कठड्याला धरून जिना उतरले. नव्या घराचा जिना गुळगुळीत फरशीचा होता, त्यावर माझा पाय अजून ठरत नव्हता. खाली वैजयंताची थोरली बहीण सुलोचना आणि तिचे यजमान कोचावर बसले होते. नवीन घर बघायला म्हणून ते रविवार धरून आले होते.

"पोरीला स्वतःची खोली, वर खोलीत टीव्ही!" सुलोचना म्हणाली. "वैजू, आमच्या संज्याला हे कळू देऊ नको बाई. उद्या उपोषणाला बसंल."

"बसू दे," तिचे यजमान म्हणाले. "तेवढंच धान्य वाचंल."

सगळे हसले. वैजयंता मात्र घाईघाईनं सांगायला लागली, "हौस म्हणून न्हाई गं लावला अक्का. झोपच लागत नव्हती पोरीला. विचार की आत्यांना."

ते खरं होतं. आणि ते कळायला आमचं जुनं घर माहीत पाहिजे.

आम्ही इचलकरंजीची मागवाली माणसं. माझे मालक दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, मी कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवतात ती सुताची नळी. धोटा मागावर इकडून तिकडं पळतो आणि कांडीवरचं सूत उलगडत जातं, तेव्हा कापड होतं. मालक गेले, मुलगा मुरली हाताशी आला, आणि त्यानं हळूहळू स्वतःचे माग घातले. राहायची जागा कारखान्याला लागूनच. मध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडं दिवसरात्र खटक-फटक, खटक-फटक. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. ऐकू यायचं ते आवाज थांबल्यावर.

आमच्या घरात आवाज चालू असला की कुणी मान वर करत नसे. जेवणारा जेवत राही, झोपलेला झोपून राही. एखादा माग बंद पडला की मात्र घास तसाच टाकून मुरली उठायचा. काय झालं, धागा तुटला का, कुणाचा हात सापडला का? आणि वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, की अख्खी गल्ली जागी व्हायची. तान्ही पोरं रडायला लागायची. केतकी त्यातलीच. जन्मली तीच मागाच्या आवाजात. झोळीला झोका द्यायचीसुद्धा गरज पडली नाही कधी.

पुढं मुरलीनं गावाबाहेर नव्या वसाहतीत घर घेतलं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, पुढं बाग करायला हातभर जागा. कारखाना होता तिथंच राहिला. दिवाळीत आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच रात्री पोरगी टक्क जागी. दुसऱ्या रात्रीही तेच. खोलीत काही ऐकू येत नाही म्हणून तिला भीती वाटायची.

"आवाज पाहिजे तिला," मुरली म्हणाला. "सवय हाय. आपल्यालाच कसंतरी होतंय, ती तर लेकरू."

बैठकीत नवा मोठा टीव्ही आला होता. जुना लहान टीव्ही बांधून ठेवला होता, तो त्यानं तिच्या खोलीत लावला आणि केबलची वायर वर ओढून घेतली. रात्री बारीक आवाजात चालू ठेवायचा, एवढंच ठरलं होतं. त्या रात्री पोरगी झोपली. मुरलीला कोण आनंद झाला. "बघ आई, आली का न्हाई गाडी रुळावर?" असं मला दोनदा म्हणाला.

पण टीव्ही म्हणजे माग नव्हे. माग रोज तेच बोलतो. टीव्ही दर घटकेला नवीन बोलतो आणि पुढं काय, पुढं काय करत माणसाला जागं ठेवतो. केतकी आधी त्याच्या आवाजात झोपायची, मग त्याला बघत जागायला लागली. बारीक आवाज मोठा झाला. रात्रीचा टीव्ही दिवसाही सुरू झाला. शाळेतनं आली की दप्तर जिन्यात आणि पोरगी वर. ताट वर जायला लागलं. वैजयंता जिना चढून ताट दाराशी ठेवायची आणि घटकेनं रिकामं घेऊन यायची. कधी निम्मं तसंच असायचं. डोळ्याखाली काळं आलं. वर्गात डुलक्या काढते म्हणून बाईंनी बोलावून सांगितलं, तर वैजयंता मला म्हणाली, "वाढीचं वय हाय, आत्या."

माझं म्हणाल तर माझी शाळा बंद पडली होती.

मला अक्षर येत नव्हतं. साठी जवळ आली तरी अंगठाच होता. जुन्या घरी कांड्याच्या खोलीत मी मशीनवर बसायची आणि केतकी समोरच्या भिंतीवर खडूनं अक्षरं काढायची. "आज्जी, हे काय? न्हाई गं, हे कालचं. डोकं कुठं ठेवलंस?" मास्तरीणबाई नऊ वर्षांच्या, फटका मारायला फुटपट्टी हातात. भिंत भरली की ओल्या फडक्यानं पुसायची आणि परत. मी सुताच्या पोत्यांवरची नावं वाचायला लागले होते. जोडाक्षरांशी आलो आणि घर बदललं. नव्या घरी खडूची डबी तिच्या खोलीत खिडकीत ठेवली होती. मी संध्याकाळी दाराशी जायची. आतून आवाज यायचा, "उद्या, आज्जी." मी परत फिरायची. चार महिने झाले, उद्या काही उगवला नव्हता. आज हे मी माझ्या हातानं लिहिते आहे त्याअर्थी तो कधीतरी उगवला, हे वाचणाऱ्याला कळलंच असेल.

तर त्या रविवारी चहा झाला, पोहे झाले. सुलोचनानं पडदे चाचपून बघितले, स्वयंपाकघराच्या ओट्याला नावं ठेवली आणि मग त्याच रंगाचा दगड कुठं मिळतो तेही विचारून घेतलं. वर टीव्ही बोलतच होता. आणि माझ्या लक्षात आलं की ती पोटाच्या पट्ट्याची बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहे. मघाशी मी वर होते तेव्हा जे बोलत होती तेच, शब्दाला शब्द.

केतकी असली जाहिरात बघत बसणारी नव्हती. तिच्या हातात रिमोट गप्प राहत नसे.

मागावर असं होतं कधीकधी. धोट्यातली कांडी संपते आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. माग चालूच राहतो. धोटा रिकामाच इकडून तिकडं पळतो. आवाज तोच, कापड मात्र होत नाही.

मी उठले. गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढले. दार ढकललं, ते नुसतं लोटलेलं होतं.

खाटेवर कुणी नव्हतं. उशीवर रिमोट होता आणि टीव्हीतली बाई त्या उशीला पट्टा विकत होती.

"वैजयंता!"

माझ्या हाकेसरशी सगळे वर आले. वैजयंतानं न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली, खाटेखालीही वाकून बघितलं. "पण टीव्ही चालू होता की!" ती सारखी म्हणत होती. "आत्ता मी ऐकत होते, टीव्ही चालू होता!"

मागच्या दाराची कडी काढलेली होती. केतकीच्या चपला जागेवर नव्हत्या. कधी गेली कुणाला सांगता येईना. सकाळी दाराशी ठेवलेला उपमा तसाच होता, त्यावर साय आल्यासारखी झाली होती. वैजयंतानं मुरलीला फोन लावला. तो सुताच्या बाजारात होता, फोन उचलेना. सुलोचनाचे यजमान शेजाऱ्याला घेऊन गाडीनं निघाले. वैजयंता अनवाणी रस्त्यावर गेली आणि दिसेल त्याला विचारायला लागली.

मी खोलीत उभी राहिले. रडून उपयोग नव्हता, कुणीतरी डोकं चालवायला हवं होतं. खिडकीकडं बघितलं. खडूची डबी तिथं नव्हती.

मी खाली आले आणि कोपऱ्यावरची रिक्षा थांबवली.

"कुठं, आजी?"

"जुन्या गावात. मुरलीधर होगाड्यांचा कारखाना. आणि असं बघ, मला म्हातारी समजून सावकाश चालवशील तर खबरदार."

कारखान्याच्या दाराशी इसाक कपाळाचा घाम पुसत उभा होता. इसाक आमचा जॉबर, माग दुरुस्त करणारा. माझ्या मालकांच्या वेळचा माणूस. मला बघितल्यावर आतल्या खटखटाटावर आवाज चढवून म्हणाला, "मावशी, बरं झालं आलासा. त्या कोपऱ्यातल्या मागाला भूत लागलंय बघा!"

"केतकी आलीय का रे इकडं?"

"आँ?"

"केतकी! आमची केतकी!"

"न्हाई की. मी न्हाई बघितली. अहो त्या मागाचं ऐका तर. चांगला चालतो, मधेच बंद पडतो. धागा बघितला, शाबूत. मोटार बघितली, शाबूत. चालू करून पाठ फिरवली की पुन्हा बंद! सकाळपासनं पळून पळून माझा जीव गेला."

तो बोलत होता तेवढ्यात कोपऱ्यातला माग पुन्हा थांबला. इतक्या मागांच्या आवाजातही ते आम्हाला दोघांनाही लगेच कळलं. इसाक कपाळावर हात मारून तिकडं वळला. मी त्याच्या आधी निघाले.

भिंत आणि माग यांच्यात जेमतेम माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. शेजारच्या मागाच्या मोटारीचा पट्टा तिथं गरगर फिरत होता. त्या फटीत केतकी उकिडवी बसली होती. माग बंद करायचा दांडा ओढून तिनं हात नुकताच मागं घेतला होता, हाताला खडू लागला होता. तिची वेणी पुढं ओघळली होती, पट्ट्यापासून वीतभर अंतरावर. आम्हाला बघून ती पुढं सरकायला लागली.

"हलू नको!" मी ओरडले. "इसाक, मेन बंद कर! सगळे बंद कर!"

इसाकनं विचारलं नाही. पळत जाऊन मेन खाली ओढला.

सगळे माग एकदम थांबले. पट्टा आणखी थोडा फिरला आणि गप्प झाला. त्या शांततेत चारी बाजूंनी पावलं वाजली. मागांवरचे कामगार पळत आले. घडी घालणाऱ्या बाया आल्या. पलीकडच्या कारखान्यातलाही एकजण, काय झालं, काय झालं करत दारात आला.

केतकी बाहेर आली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरली. ती रडली नाही. जमलेल्या माणसांकडं बघत राहिली.

"केवढी माणसं आली," ती म्हणाली.

इसाकच्या फोनवरून मी घरी निरोप दिला, माणसांना कामाला लावलं आणि तिला कांड्याच्या खोलीत घेऊन गेले. माझं जुनं मशीन तिथंच होतं. भिंतीवर आमची अक्षरं होती, पुसट. त्यांच्या खाली तिनं आज नवी ओळ काढली होती, पांढरीशुभ्र.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी. तू येशील म्हणून."

"मला काय स्वप्न पडणार होतं? सांगून यायचं की. आणि तो दांडा कशाला ओढत होतीस? वेणी गेली असती पट्ट्यात, मग काय केलं असतंस?"

ती सुताच्या पोत्यावर बसली. पाय हलवत राहिली. मी मशीन चालू केलं आणि एक कांडी लावली. हात रिकामा असला की मला कुणाचं ऐकता येत नाही.

कांडी निम्मी भरली तशी ती म्हणाली, "माग बंद केला की इसाकमामा येतात."

"येणारच. कामच हाय त्याचं."

"मी परत बंद केला. परत आले. शिव्या देत आले, पण आले."

"मग?"

"घरी टीव्ही बंदच पडत नाही. म्हणून कुणी येत नाही."

माझा हात चालत राहिला.

"अगं, मग आपण बंद करायचा," मी म्हणाले. "बटण हाय की त्याला."

"केला होता," केतकी म्हणाली. "एकदा मुद्दाम बंद करून बघितला. आई जिन्यात आली. म्हणाली, झोपली वाटतं एकदाची. आणि बाहेरनंच दार ओढून घेऊन गेली. मग मी पुन्हा लावला."

कांडी भरली होती. मी ती काढून तिच्या हातात दिली. पूर्वी ती अशा कांड्या टोपलीत रचून ठेवायची, तशी तिनं ती ठेवली. मी दुसरी लावली. सगळं मला कळलं होतं. काय करायचं तेही मला कळलं होतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा उजेड उतरत आला होता. वैजयंतानं पोरीला आधी कवटाळलं, मग मारायला हात उगारला, मग पुन्हा कवटाळलं. सुलोचना आणि तिचे यजमान एसटी चुकेल म्हणून निघून गेले. मुरली सूतबाजारातून धावत आला होता, त्याचा चेहरा उतरला होता. केतकी तोंड धुऊन वर गेली. वैजयंता ओट्याशी भाकरी टाकायला लागली.

मुरली माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होता. "उद्या सुताराला बोलावतो. मागच्या दाराला वरच्या अंगाला कडी बसवतो. हात पोचणार न्हाई अशी. आणि तिच्या खोलीला बाहेरनं—"

"मुरली," मी म्हणाले. "ऐक."

"काय?"

"काय ऐकू येतंय?"

त्यानं मान तिरकी केली. "काय न्हाई. टीव्ही चालूय वर."

"कधीपासनं?"

तो जिन्याकडं बघायला लागला. पोरगी हरवली, सगळं घर रस्त्यावर धावलं, पोरगी सापडली, परत आली. एवढ्या वेळात टीव्ही कुणीच बंद केला नव्हता. तो आपला बोलतच होता.

"चल वर," मी म्हणाले. "बंद कर तो."

"आई, बंद केला तर झोपंल कशी? पुन्हा तेच सुरू होईल. तुला माहीत हाय न्हवं?"

"मला माहीत हाय. चल तू."

मुरली माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, कारखान्यात माणसं त्याला वचकून असतात. पण मी जिना चढायला लागले तसा तो मुकाट्यानं मागून आला.

केतकी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. टीव्हीचा निळा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. बापाला बघून तिनं रिमोट पाठीमागं लपवला.

"रिमोट असू दे तुझ्याकडं," मी म्हणाले. "मुरली, वायर काढ. मेन बंद करतोस तशी."

मुरलीनं खाली वाकून भिंतीतून वायर उपटली.

खोली गप्प झाली. खोलीबरोबर सगळं घर गप्प झालं. खाली भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप थप थप, तो आम्हाला आता कुठं ऐकू आला.

आणि तो थांबला.

केतकीनं माझ्याकडं बघितलं. मी बोट ओठांवर ठेवलं.

खाली परात सरकली. गॅस बंद केल्याचा आवाज काही आला नाही. बांगड्या वाजल्या. मग जिन्यावर पावलं, एकेक पायरी गाळत. दार भिंतीवर आदळलं आणि वैजयंता आत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, पदर खोचलेला.

"काय झालं? आवाज का बंद पडला? केतू कुठाय?"

केतकी हसायला लागली. चार महिन्यांत ते हसणं मी ऐकलं नव्हतं. खाटेवर ती आडवी झाली आणि पोट धरून हसली.

"काय न्हाई गं आई," ती म्हणाली. "धागा तुटला होता."

वैजयंता काही समजली नाही. तिनं मुरलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, भिंतीतून लोंबणाऱ्या वायरीकडं बघितलं. मग पिठाचे हात तसेच वर धरून ती पोरीशेजारी खाटेवर टेकली. मुरली खाली फरशीवर बसला. मला जागा उरली नाही म्हणून मी टीव्हीला थोडं बाजूला सारलं आणि त्याच्याच टेबलावर बसले.

खालून भाकरी करपल्याचा वास आला. कुणीही उठलं नाही.